जामचे बाकीचे दिवस

शनिवारी रात्री फोनवर ८९चा आकडा होता. आठवडा रविवारी संपतो. म्हणजे ११ किलोमीटर बाकी, आणि घरी दहाला पाहुणे. पाचच्या अंधारात सायकल बाहेर काढली, मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि जाम नदीच्या काठची पांदण धरली.

आठवड्याला १०० किलोमीटर हा माझा नेम. शाळेतून निवृत्त झाले त्यानंतरच्या सोमवारी धरला, आता तिसरं वर्ष सुरू आहे. गुडघ्यांना चालणं सोसत नव्हतं, सायकल सोसली. मी मुद्दाम नेम म्हणते. माझी आई चातुर्मासात महादेवाला बेलाची लाखोली वाहायची. रोज किती पानं वाहिली ते वहीत लिहून ठेवायची, आणि एखाद्या दिवशी ताप असला तरी उठून बसायची, कारण वहीतली ओळ कोरी राहिली असती. मोजण्याला हलकं समजणाऱ्या लोकांशी माझं कधी पटलं नाही. ज्या सकाळी मन उठत नाही, त्या सकाळी आकडाच माणसाला अंथरुणातून काढतो.

आणि मला या आकड्यानं नदीवर नेलं. मी जन्मले पांढुर्ण्यात, नोकरी केली पांढुर्ण्यात, पण साठीपर्यंत मला जाम नदी ठाऊक होती ती वर्षातल्या एका दिवसाची.

तो दिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि दिवसभर दोन्हीकडून गोटे. सांगतात ते असं, की इकडच्या पोरानं तिकडची पोरगी पळवून आणली, दोघांना नदीतच गाठलं, दोन्ही काठांवरून गोटे पडले आणि दोघंही तिथंच गेली. आम्ही मुली गच्चीवरून पाहायचो. तिथून नदी दिसायचीच नाही. दिसायची दोन गर्द्यांमधली एक फट. संध्याकाळी झेंडा चंडीच्या देवळात जायचा आणि गावातली माणसं दवाखान्यात. माझ्या थोरल्या भावाच्या भुवईवर त्या दिवसाची खूण आहे. काही घरांत त्या दिवशी गेलेला माणूस परत आलेला नाही. ज्या दोघांसाठी हे सारं आहे म्हणतात, त्यांना एक गोटाही नको होता, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे आणि आजही वाटतं.

त्या एका दिवसानं आमच्या नदीचं नाव दूरवर गेलं. बाकीचे ३६४ दिवस तिला कुणी विचारत नाही. ते मला सायकलवर भेटले.

काठानं बांधलेला रस्ता नाही. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आहेत, मधे गवत. चाकोरीत चाक ठेवलं की हँडल घट्ट धरावं लागत नाही. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक फिरेनासं होतं, तेव्हा मी डांबरी सडकेवर जाते. पण त्या किलोमीटरांना चव नसते. पांदणीवर टिटवी आधी ओरडते, मग दिसते. उंबराखाली डोह आहे, तिथं खंड्या ठरल्या फांदीवर बसलेला असतो.

फेब्रुवारीत तर पांदण सोडवतच नाही. एका बगीच्यात मृगाचा संत्रा उतरत असतो, कॅरेट भरत असतात. लागूनच दुसऱ्यात आंबियाचा बार फुटलेला असतो. पहाटेच्या दमट हवेत तो वास इतका दाट असतो की पायडल मारता मारता श्वास मोठा होतो. डिसेंबरात ह्याच झाडांची पानं मलूल होऊन लोंबत होती. बगीचा ताणावर सोडला होता: हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांपर्यंत पाणी तोडतात. मला पहिल्या वर्षी पाहवेना, तर बांधावरचे काका म्हणाले, “तहान लागल्याबिगर झाड फुलत नाही जी बाई.” तेच काका आता रोज विचारतात, “आज किती झाले जी?” मी आकडा सांगते आणि ते मान हलवतात, जणू त्यांच्याच वहीत लिहून घेतात.

ही नदी पुढे जामसावळीवरून जाते. तिथला मारुती निजलेला आहे, पिंपळाखाली. मी एका थंडीत तिथवर सायकलनं गेले; आठवड्याचा बराच आकडा त्या एका दिवसात भरला. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून निघून आपला जिल्हा झाला. लोकांना ते नवीन वाटलं, पण जामनं दोघांना कधीचं बांधलेलं होतं. पुढे ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. इथून जवळ मुलताईला तापी उगवते आणि सरळ पश्चिमेच्या समुद्राकडे निघते. वर्धाही त्याच मुलताईच्या डोंगरातली, ती आमच्याकडे पाठ करून विदर्भात उतरते आणि पार खाली वैनगंगेला भेटते. दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते. गोदावरी १४६५ किलोमीटर. माझ्या हिशेबानं पंधरा आठवडे. हा हिशेब मी बंधाऱ्यावर बसून मांडला होता आणि मला फार आनंद झाला होता.

त्या रविवारी बंधाऱ्यापाशीच मागचं चाक बसलं. ९५ झाले होते. बाभळीचा काटा, जोडीतला एक तुटून टायरमध्ये शिरलेला. सायकल उलटी केली, पट्ट्यांनी टायर सोडवलं, ट्यूबमध्ये हवा भरली आणि ती पाण्यात बुडवून हळूहळू सरकवत नेली. थंडगार पाणी मनगटापर्यंत. एका जागी मोहरीएवढे बुडबुडे निघाले, एकामागून एक, सरळ वर. तिथं बोट ठेवलं आणि ट्यूब पदरानं कोरडी केली.

पॅच लावण्याआधी रबर खरवडावं लागतं. डबीत सोल्युशन होतं, पॅच होता, काचकागद नव्हता. मी काठावर हात फिरवला आणि एक गोटा उचलला. मुठीत नेमका बसणारा, एका अंगानं खरखरीत. त्या अंगानं रबर घासत राहिले, चकाकी जाऊन ते मळकट काळं होईपर्यंत. सोल्युशन लावलं, वाळू दिलं, पॅच ठेवला आणि त्याच गोट्याच्या गुळगुळीत अंगानं दाबून धरला. पलीकडून काका ओरडले, “किती राहिले जी?”

“पाच,” मी म्हटलं.

गोटा पाण्यात धुतला आणि होता तिथं ठेवला. उन्हं बंधाऱ्यावर आली होती. हवा भरली, सायकल सुलटी केली आणि सावरगावच्या पुलाकडे वळवली.