लालपरीच्या प्रती

'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा मोबाईलवरचा गेम 2017 मध्ये आला. त्यात बाहेरून बनवलेली गाडी घालता येते, तिला मॉड म्हणतात; गाडीवरचं रंगकाम म्हणजे लिव्हरी. त्यामुळे आपल्याकडची पोरं इंडोनेशियाच्या रस्त्यांवर एसटीची लालपरी पळवतात.

माझ्या एका विद्यार्थ्याने अशीच लालपरी रंगवली. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून पाटी तपासून घ्यायला तो माझ्याकडे आला. पाटीवर दोन्ही लिपींत 'इस्लामपूर – सांगली' असं लिहिलं होतं. फाइल त्याने एका फुकटच्या साइटवर टाकली आणि मित्रांना लिंक दिली. काही महिन्यांनी लिंक बंद पडली, त्यातच मोबाईलही बिघडला. "सर, सगळी मेहनत पाण्यात गेली," म्हणाला. शेवटी फाइल मिळाली ती सोलापूरच्या एका मुलाकडे. त्याने ती कधीतरी उतरवून घेतली होती.

वाटलेली वस्तू वाटल्यामुळेच वाचली, हे मला महत्त्वाचं वाटतं. फुकटच्या साइटचा भरवसा नसतो. झिप्पीशेअरवर मॉडच्या कितीतरी लिंक होत्या. ती साइट 31 मार्च 2023 ला बंद झाली. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगलही काढून टाकू शकतं. आणि साऱ्या प्रती एकाच घरात असल्या तर काय होतं, हे सांगलीकरांना सांगायला नको. 2019 च्या पुरात नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजून गेली.

म्हणून आम्ही ठरवलं: एक प्रत पेनड्राइव्हवर, दोन वेगवेगळ्या साइटवर आणि एक परगावच्या मित्राकडे. नुसतं तयार चित्र नव्हे, ज्यात पुढे बदल करता येतील ती मूळ फाइलही ठेवायची. सोबत एका छोट्या फाइलमध्ये बनवणाऱ्याचं नाव आणि तारीख. महिन्यातून एकदा प्रत्येक लिंक उघडून बघायची. गाडीचा साचा दुसऱ्याचा असेल तर त्याला विचारल्याशिवाय पुढे वाटायचा नाही. तीही एक अमानतच आहे.

एक प्रश्न उरला होता. जुलै 2025 मध्ये आमच्या शहराचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय विधानसभेत जाहीर झाला. पोराने विचारलं, "सर, पाटी बदलू का?"

मी म्हटलं, "नव्या पाटीची वेगळी गाडी कर. जुनीवर सेव्ह करू नकोस." पहिली एसटी 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला गेली. आज त्या शहराचं नाव अहिल्यानगर आहे. पण त्या दिवसाची गाडी कुणी बनवली, तर पाटीवर अहमदनगरच लिहावं लागेल. नवी प्रत आली म्हणून जुनी खोटी ठरत नाही. ज्या वर्षी त्या पोराने गाडी रंगवली, त्या वर्षी त्याच्या स्टँडवर जे नाव होतं, तेच त्याने लिहिलं.

आता दोन्ही गाड्या चारही ठिकाणी आहेत. फाइलच्या नावात फक्त साल वेगळं आहे.