अम्मीची कुपी

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. मोहल्ल्यात कुणाला काही दुखलंखुपलं की 'टीचरला विचारा' हे ठरलेलं. पण आमच्याच डोक्यात रुपयाएवढी चाई पडली तेव्हा आम्ही कुणालाच विचारलं नाही. ओढणी पुढे ओढली, झालं.

अम्मीच्या नजरेतून ती सुटली नाही. तिनं चंदनाच्या अत्तराची कुपी आणली. चंदनाच्या वासानं परदेशात केस उगवले, असं अत्तरवाल्यानं तिला सांगितलं होतं.

आम्ही शोधून वाचलं. गोष्ट अर्धीच खरी होती. २०१८ साली संशोधकांनी शस्त्रक्रियेत निघालेली टाळूची कातडी प्रयोगशाळेत जिवंत ठेवून पाहिली. नाकात वास टिपणारी जी यंत्रणा असते, तसलीच एक केसाच्या मुळाशीही असते. तिथं 'सँडलोर' पोचवल्यावर केसांची वाढ अधिक टिकली. पण सँडलोर म्हणजे चंदनासारखा वास असलेलं कृत्रिम रसायन. अम्मीच्या कुपीत ते नव्हतं, आणि त्या प्रयोगात चाईचे रुग्णही नव्हते.

चाईवरचा प्रयोग स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचा, १९९८ साली प्रसिद्ध झालेला. एकूण ८६ रुग्ण. एका गटाला थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर आणि सीडर यांचे सुगंधी अर्क तेलात मिसळून रोज टाळूला चोळायला दिले, दुसऱ्याला नुसतं तेल. सात महिन्यांनी पहिल्या गटात ४३ पैकी १९ जणांना गुण आला, दुसऱ्यात ४१ पैकी ६ जणांना.

आम्ही त्या सहांपाशी अडलो. सुगंधी अर्क नाही, तरी गुण! चाईत शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच केसांच्या मुळांवर उलटते, आणि पुष्कळदा आपोआप शांतही होते. मग श्रेय द्यायचं कुणाला?

त्याच सुमारास आमच्या सातवीतली एक मुलगी शाळेत येईनाशी झाली. घरी गेलो. तिलाही चाईच. आईनं कुणाचं तरी ऐकून निव्वळ अर्क चोळलेला, टाळू लालबुंद. आम्ही आईला १९ आणि ६ चा हिशेब समजावला. अर्क कधी तसाच लावू नका, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, म्हटलं. मुलगी कोपऱ्यात गप्प बसून होती. मग आम्ही ओढणी उतरवली, मान खाली केली.

"टीचर, आपको भी?"

सोमवारी ती शाळेत आली.

आमचे केस चार महिन्यांनी आले. आधी पांढरे, मग काळे. अम्मी रोज रात्री त्या कुपीतले दोन थेंब खोबरेल तेलात घालून लावत होती. नको म्हणायचं आमच्या जिवावर आलं होतं. ती म्हणते, कुपीनंच आले. त्या सहांची गोष्ट आम्ही तिला अजून सांगितलेली नाही. वर्गात मात्र दरवर्षी सांगतो.