कधीच न उडालेले जहाज

२०१८ च्या उन्हाळ्यात मुलाकडे अमेरिकेला गेलो, तेव्हा वॉशिंग्टनसाठी तीन दिवस काढले होते. व्हाइट हाउस बाहेरून, लिंकनचा पुतळा जवळून, असे एकेक उरकत तिसऱ्या दिवशी आम्ही स्मिथसोनियनच्या हवाई आणि अवकाश संग्रहालयात शिरलो. इथे प्रवेशाला तिकीट नाही, ही गोष्ट आमच्या ह्यांना इतकी आवडली की, पायांचा ठणका ते दारातच विसरले.

पहिलेच भव्य दालन विमानविद्येतल्या मैलाच्या दगडांचे. वर टांगलेले लिंडबर्गचे 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस'. यातूनच तो १९२७ साली न्यूयॉर्कहून एकटा पॅरिसला गेला. जवळच ध्वनीचा वेग पहिल्यांदा ओलांडणारे १९४७ चे 'बेल एक्स-१'. खाली जॉन ग्लेनची अवकाशकुपी. १९६२ मध्ये त्याने पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या त्या याच कुपीत बसून. एवढ्याशा डब्यात माणूस बसला कसा, याचेच नवल वाटते. चंद्रावरच्या दगडाचा एक तुकडाही आहे आणि त्याला चक्क हात लावता येतो. आम्ही सगळ्यांनी लावला. नातीने दोनदा.

याच दालनात काचेच्या मोठ्या पेटीत एक करडे जहाज होते. पुढे थाळीसारखी तबकडी, खाली फुगीर नळकांड्यासारखे धड आणि मागे दोन तिरप्या खांबांवर उचललेली दोन लांब नळकांडी.

"हे केव्हा उडालं?" ह्यांनी विचारले.

"बाबा, हे उडालंच नाही," मुलगा हसत म्हणाला. "हे टीव्हीतलं. 'स्टार ट्रेक'चं एंटरप्राइज. विसरलात?"

कसे विसरणार? ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची. आम्ही तेव्हा इंदूरला होतो. मुलगा अंघोळ न करता टीव्हीसमोर फतकल मारून बसायचा आणि माझे पोहे गार व्हायचे. इंग्रजी संवाद कुणाला फारसे कळत नसत. पण ते जहाज काळ्या आभाळातून सरकत गेले की, घर गप्प व्हायचे.

ह्यांना मात्र राग आला. "ज्यांनी जीव धोक्यात घातला, त्यांच्या पंक्तीला हे खेळणं?"

"अहो, हळू बोला," मी म्हटले. पण मनातून मलाही ते पटले होते.

मुलाने मग त्याची कुळकथा सांगितली. पुढे त्याच्याकडच्या पुस्तकांत मीही ती वाचली. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी. जहाज आखले ते कलादिग्दर्शक मॅट जेफ्रीज यांनी. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते आणि स्वतः विमान चालवत. रॉडनबेरींच्या सूचना बहुतेक नकाराच्याच होत्या. पंख नकोत, शेपटीचे पाते नको, मागून ज्वाळा नकोत, धूर नको. तरी जहाज ताकदवान दिसले पाहिजे! जेफ्रीजनी जुन्या अवकाशकथांतली चित्रे जमवली, ती अशासाठी की, यातले काहीही आपण करायचे नाही.

त्यांचा विचार एखाद्या कारखान्यातल्या माणसासारखा होता. एवढ्या वेगाने जाणारे इंजिन भयंकर शक्तीचे असणार. म्हणजे धोक्याचेही. मग ते माणसांच्या वस्तीपासून दूर हवे. म्हणून ती नळकांडी लांब खांबांवर गेली. माणसांचा भाग आधी गोळा होता, तो चपटा होत होत तबकडी झाला. जहाजाचे बाहेरचे अंग त्यांनी गुळगुळीत ठेवले. कारण उघडे. यंत्रे बिघडणारच, मग ती दुरुस्त करायला माणसाने अवकाशात का लटकायचे? सगळे आतून हाताशी यावे. मालिकेत जहाजाच्या पोटातल्या दुरुस्तीच्या बोळाला पुढे जेफ्रीजचेच नाव पडले.

जहाजावरचा एनसीसी-१७०१ हा क्रमांकही त्यांचाच. पूर्वी अमेरिकेतल्या नागरी विमानांवर एनसी ही अक्षरे असत. त्यात त्यांनी आणखी एक सी घातला. आकडे निवडले ते लांबून चटकन वाचता येतील असे. तीन, सहा, आठ, नऊ एकमेकांसारखे दिसतात, म्हणून ते टाळले.

हे ऐकताना ह्यांच्या कपाळावरची आठी जराशी सैल झालेली मी पाहिली. ह्यांचा सारा जन्म एका ओतशाळेत पॅटर्न करण्यात गेला. लोखंड ओतायच्या आधी वस्तू लाकडात घडवावी लागते, तिच्यावरून वाळूत साचा बसतो. ओतकाम झाले की, लाकडाच्या पॅटर्नला कोण विचारतो? ह्यांनी घडवलेले कितीतरी पॅटर्न निवृत्तीच्या साली भट्टीत गेले. ह्यांनी ते घरी एकदाच सांगितले, पुन्हा नाही.

पाटीवर लिहिले होते, हा नमुना लाकूड, प्लास्टिक आणि पत्र्याचा. ह्यांनी चष्मा पुसला आणि पेटीला प्रदक्षिणा सुरू केली. सुमारे अकरा फूट लांब, वजन नव्वद किलोच्या आसपास. रिचर्ड डेटिन यांच्या देखरेखीखाली कॅलिफोर्नियातल्या एका कार्यशाळेत तो घडला आणि डिसेंबर १९६४ मध्ये तयार झाला. कथेतले जहाज २८९ मीटर लांब, चारशे तीस माणसांचे. मुळात असले जहाज कधीच जमिनीवर उतरायचे नाही. दर आठवड्याला नव्या ग्रहावर ते उतरवून दाखवण्याइतका पैसा नव्हता, म्हणून माणसे प्रकाशात विरघळून खाली प्रकट होण्याची युक्ती निघाली. आम्हाला ती केवढी विज्ञानाची झेप वाटली होती!

"इकडे या," ह्यांनी पलीकडून हाक मारली. "ही बाजू कोरी आहे."

खरेच, उजवीकडची सजावट डावीकडे दिसेना. मुलाने उलगडा केला. आतल्या दिव्यांच्या तारा डावीकडून आत जात, म्हणून चित्रण नेहमी उजवीकडूनच व्हायचे. नमुना जागेवर उभा, कॅमेरा सरकायचा. जहाज उलट्या दिशेने जाताना दाखवायचे असेल, तर आकडे उलटे चिकटवून चित्रफीत फिरवायची, की ते सुलटे दिसत!

"जे दिसणार नाही ते रंगवायचं कशाला?" हे म्हणाले. "बरोबरच केलंय."

ठरावीक वेळी जहाजाचे दिवे लागत. आम्ही थांबलो. नळकांड्यांची लाल टोके आतून गरगरू लागली. मूळ करामत काय होती, तर नाताळच्या झाडावरचे दिवे, आरशाचे तुकडे आणि मोटारीवर फिरणारी पाती. आता तिथे नव्या जातीचे दिवे आहेत, पण भास तोच. नात टाळ्या पिटत होती.

मालिका १९६९ मध्ये एकोणऐंशी भागांनंतर बंद पडली. नमुना धूळ खात पडला आणि १९७४ मध्ये स्टुडिओने तो स्मिथसोनियनला देऊन टाकला. त्यानंतर त्याची अनेकदा डागडुजी झाली. त्यातली १९९१ ची रंगरंगोटी अनेक चाहत्यांना मुळीच रुचली नाही. बरीच वर्षे तर तो संग्रहालयाच्या दुकानात तळमजल्यावर होता, चहाच्या कपांच्या शेजारी. शेवटी त्याचे क्ष-किरणांनी फोटो काढले, रंगाचे थर एकेक करून तपासले, लोकांकडून जुनी छायाचित्रे मागवली. तबकडीच्या वरच्या भागावरचा मूळ रंग सुदैवाने कुणी झाकला नव्हता, त्यावरून बाकीचा जुळवला. १ जुलै २०१६ ला, संग्रहालयाच्या चाळिसाव्या वाढदिवशी, तो या दालनात आला.

एक गंमत राहिलीच. १९७६ मध्ये नासाच्या पहिल्या स्पेस शटलला 'कॉन्स्टिट्यूशन' नाव ठरत होते. चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या संमतीने त्याचे 'एंटरप्राइज' झाले. तेही वातावरणातल्या चाचण्यांपुरतेच उडाले, अवकाशात गेलेच नाही. आता ते न्यूयॉर्कला आहे.

दालनातून निघताना ह्यांनी दोनदा मागे वळून पाहिले. पंक्तीचा विषय पुन्हा निघाला नाही.

२०२४ मध्ये मुलाचा फोन आला. या मोठ्या नमुन्याच्या आधी केलेला तीन फुटी नमुना सत्तरच्या दशकाच्या शेवटी हरवला होता. तो इंटरनेटवर विक्रीला आलेला दिसला आणि रॉडनबेरींच्या मुलाकडे परत गेला. मी ही बातमी ह्यांना मोठ्याने सांगितली, कारण आता कमी ऐकू येते.

"सांधे सुटले नाहीत ना?" ह्यांनी विचारले. मुलाला ते काही ठाऊक नव्हते.