पावणेएकोणीस तासांची रात्र



परवा माहेरकडच्या एका भाचीचा फोन आला. येत्या डिसेंबरात दोन लहान लेकरं घेऊन ती अमेरिकेला निघाली आहे. "मामी, बरोबर खायला काय घेऊ आणि रात्रीभोजनाचा नियम विमानात कसा पाळू?" असं तिनं विचारलं. खाण्याची यादी मी लगेच सांगितली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र फोनवर देता आलं नाही. ते इथं लिहिते.

आम्ही निघालो तेव्हा थोरली सहा वर्षांची होती, धाकटा दीड वर्षाचा. हे तीन महिने आधीच शिकागोला गेले होते. सांगलीहून निघताना मंदिरात दर्शन घेतलं. सासूबाईंनी मुलांच्या हातावर लाडू ठेवले आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "प्रवासात शरीराला झेपेल तेवढंच कर. निदान पाणी तरी घेत जा." मी मान डोलावली. मनात मात्र ठरवलं होतं, की लग्नाआधीपासूनचा नियम, एका प्रवासासाठी का सोडायचा?

वाशीला नणंदेकडे सव्वापाचला जेवले. सूर्य मावळायच्या दोन घडी आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी, आपलं तोंड बंद. विमान पहाटे तीनचं होतं, फ्रँकफर्टमार्गे. पश्चिमेकडे जाणारं विमान रात्रीच्या बरोबरीनंच धावतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळला. डिसेंबरात फ्रँकफर्टला तो उगवतो सकाळी आठ-वीसच्या आसपास. तेव्हा आपल्याकडे दुपारचा पाऊण वाजून गेलेला असतो. म्हणजे आमची ती रात्र पावणेएकोणीस तासांची झाली. वर पुन्हा दोन घडी थांबायचं.

मुलांना मी काही बंधन घातलं नव्हतं. धाकट्याला दूध, थोरलीला दशमी. उतरायच्या आधी नाश्ता आला. जैन जेवण तिकीट काढतानाच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ताटात फळं होती. थोरलीनं सगळं खाल्लं, सफरचंद तेवढं ठेवलं. "आई, बाहेर अजून रात्र आहे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "हो." "मग तू नाही खाणार?" "नाही." ती गप्प बसली आणि सफरचंद फ्रॉकच्या ओच्यात धरून राहिली.

फ्रँकफर्टला पुन्हा सुरक्षा तपासणी होती. धाकटा रात्रभर कानाच्या ठणक्यानं रडून खांद्यावर झोपलेला, हातात दोन पिशव्या, माझं डोकं ठणकत होतं, घशाला कोरड. रांग पुढं सरकत होती आणि थोरली मागं राहत होती. स्वेटर काढ म्हटलं तर काढेना, कारण एका हातात सफरचंद. मागचा माणूस काहीतरी बोलला. मला कळलं नाही, पण माझं डोकं फिरलं. मी तिच्या हातातून सफरचंद हिसकावून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि तिच्या दंडावर एक चापट मारली. सगळ्यांसमोर. ती मोठ्यानं रडलीसुद्धा नाही.

पुढच्या विमानाच्या दारापाशी मोठ्या काचा होत्या. उजाडलं, ढगांआडून ऊन आलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी मी पाणी प्यायले आणि दशमीचा डबा उघडला. थोरली माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, सूर्य आला. पण आता सफरचंद नाही. मी ते तुझ्यासाठी ठेवलं होतं."

बायांनो, तो घास मला गिळवेना.

मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "बाळा, आईचं चुकलं. मला क्षमा कर." तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "आज क्षमावाणी आहे?" मी हसले आणि रडलेही.

शिकागोला पोचल्यावर सासूबाईंना फोन केला. वीस तास पाण्याचा थेंब घेतला नाही, हे सांगायची मला घाई होती. त्यांनी आधी विचारलं, "पोरं जेवली का?" मग मी सगळंच सांगितलं. त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. नंतर म्हणाल्या, "पाणी प्याली असतीस तर प्रायश्चित्त म्हणून एक उपवास केला असतास. पोरीला मारलंस, त्याचं काय करशील?"

क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय आपण पाठशाळेत पाठ करतो. नियम असतो तो हे कषाय मंद व्हावेत म्हणून. माझ्या नियमानं त्या रात्री माझा मान वाढवला आणि त्या मानाच्या पोटी क्रोध आला. थेंबभर पाणी मी टाळलं, आणि माझ्यासाठी घास राखून ठेवणाऱ्या जिवाला दुखवलं.

नियम मी सोडला नाही, हेही सांगते. इथं डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आतच मावळतो. थोरली तीन वाजता शाळेतून आली, की मी गरम भाकरी-आमटी वाढते आणि तिच्याबरोबर बसून जेवते. हे संध्याकाळी येऊन जेवतात, तेव्हा आम्ही नुसत्या गप्पा मारायला बसतो. मुलांना रात्री भूक लागली तर दूध देते, न चिडता. बार्टलेटला १९९३ पासून जैन मंदिर आहे. तिथल्या पाठशाळेत थोरली जाते. मोठी झाल्यावर नियम घ्यायचा की नाही, ते ती ठरवील.

भाची, तुझ्यासाठी यादी पुन्हा देते. दुधात भिजवलेल्या दशम्या, बिनलसणीची शेंगदाण्याची चटणी, रव्याचे लाडू. ताजी फळं उतरायच्या आधी संपव, अमेरिकेत ती नेता येत नाहीत. विमान चढता-उतरताना लहानग्याला घोट घोट दूध पाज, कान दुखत नाहीत. एक जोडी कपडे हाताशी ठेव.

आणि पाणी पी. घसा ओला असला, की बोलणंही जरा मऊ येतं.

जय जिनेंद्र.