टी पेशीला साखर दिसत नाही

न्यूमोनियाचा जिवाणू न्यूमोकोकस अंगावर साखरेचं कवच घालून फिरतो. चहातली साखर नव्हे. साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. आपली बी पेशी हे कवच ओळखते. अँटीबॉडी बनवणं तिचंच काम. पण टिकाऊ, पक्की अँटीबॉडी हवी तर तिला मदतनीस टी पेशीचा होकार लागतो.

मी सॉफ्टवेअरवाला, मला हे कोड रिव्ह्यूसारखं वाटतं. बी पेशी पकडलेली वस्तू गिळते, तुकडे करते आणि ते स्वतःच्या अंगावर मांडते. टी पेशीनं तुकडा ओळखला की बी पेशी वाढते आणि आपल्या अँटीबॉडीत बारीक बदल करू लागते. ज्यांची पकड घट्ट, त्यांनाच पुढे मदत मिळते. काही पेशी आठवण म्हणून वर्षानुवर्षं राहतात.

अडचण अशी की टी पेशी सहसा प्रथिनाचेच तुकडे वाचते. नुसती साखर आली तर रिव्ह्यू होतच नाही. मोठी माणसं तरी कसंबसं निभावतात. दोन वर्षांखालच्या बाळांना तेही नीट जमत नाही. आणि धोका त्यांनाच जास्त.

तोडगा साधा आहे: साखर प्रथिनाला जोडून द्यायची. बी पेशी साखरेला पकडते, सोबत प्रथिनही आत जातं. टी पेशी प्रथिन पाहून होकार देते, अँटीबॉडी मात्र साखरेविरुद्ध बनते.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं मेनिंजायटिस-एची साखर धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला जोडून 'मेनआफ्रिव्हॅक' बनवली. सुरुवातीला किंमत डोसला अर्ध्या डॉलरहून कमी होती. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत तिची मोठी मोहीम सुरू झाली. आफ्रिकेतल्या त्या पट्ट्यात 'ए' गटाच्या साथी जवळपास थांबल्या.

न्यूमोकोकसची याच पद्धतीची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मिळते: सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, मग नवव्या महिन्यात. इथे नागपुरात माझ्या भाचीचा तिसरा डोस आला तेव्हा ताई अडून बसली. "दोनदा टोचलं, दोनदा ताप आला. आता पुन्हा काहून?"

मी म्हणालो, "ताई, पहिल्या दोन डोसांनी पेशींना ओळख पटते. तिसरा त्याच पेशींना पुन्हा कामाला लावतो, ओळख पक्की करतो."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं, चाल."

रात्री पोरीचं अंग तापलं. सकाळी उतरलं.