मोठा पडदा, लहान पडदा

नाशिककराला सिनेमावर मत देण्याचा अधिकार कोणी दिला, असे विचारू नये. दादासाहेब फाळके १८७० साली आमच्या त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आल्यानंतर १९१३ सालीच आपले बिऱ्हाड नि चित्रपटाचा कारखाना घेऊन नाशकात आले. तेव्हापासून गोदाकाठच्या प्रत्येक माणसाकडे हा अधिकार वडिलोपार्जित चालत आला आहे, अशी माझी समजूत आहे. मी तर तो तिकिटे काढून पक्का केला आहे. विजयानंद, सर्कल, दामोदर, मधुकर ही चित्रगृहांची नावे मला परवचा म्हटल्यासारखी पाठ आहेत.

तर माझे पहिले मत असे, की विनोदी सिनेमा पाहायला विनोदबुद्धीपेक्षा स्मरणशक्ती अधिक लागते. सचिन पिळगावकरांचा १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’च घ्या. भाड्याची जागा मिळावी म्हणून दोन मित्रांना लुगडी नेसावी लागतात, एवढे लक्षात असले तरच लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या प्रत्येक मुरक्याला हसू येते. गंमत पाहा. फाळक्यांना तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना, तेव्हा त्यांनी अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले. पुढे १९१७ च्या ‘लंकादहना’त याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली. त्या काळी लुगड्यातला पुरुष प्रेक्षकाने विसरावा लागे; ‘बनवाबनवी’त तो क्षणभरही विसरून चालत नाही!

हे मला आमच्या आईने शिकवले. ती आता ८६ वर्षांची आहे. गेली तीनेक वर्षे तिची स्मृती उन्हाळ्यातल्या गोदावरीसारखी झाली आहे. मध्येच एखादा डोह भरलेला, बाकी सारे खडक. मागे एकदा ‘बनवाबनवी’ लावला होता. अर्धा तास झाला नि तिने विचारले, “ही बाई अशी पुरुषासारखी का रे चालते?” मी कथा सांगितली. ती हसली. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. मी पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा मात्र तिने विचारले नाही. ओशाळून नुसती पडद्याकडे पाहत राहिली. आपल्यालाच काहीतरी कळत नाही, हे तिला कळले होते. तिच्या विसरण्यापेक्षा ते ओशाळणे मला अधिक लागले.

माझे दुसरे मत तेव्हापासूनचे. विनोदी मालिका प्रेक्षकाकडून काही मागत नाही. ‘ये जो है जिंदगी’ १९८४ साली दूरदर्शनवर आली. तिच्यात सतीश शाह दर भागात नव्याच माणसाचे सोंग घेऊन येत. मागचे काहीही आठवण्याची गरज नसे. गेल्या खेपेचे भांडण या खेपेला नाही, गेल्या खेपेची फजिती कोणी कोणाला ऐकवत नाही. सारे घर पुन्हा जागच्या जागी. समीक्षक याला दोष म्हणतात. म्हणतात, पात्रांचा विकासच होत नाही. मी म्हणतो, घरातल्या माणसांचा तरी कुठे होतो? आमच्या सौ.ना विचारा.

आईची लाडकी मालिका म्हणजे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या रोजनिशीवजा लेखनावरून ती २००१ साली अल्फा मराठीवर सुरू झाली. तिचे जुने भाग हल्ली हवे तेव्हा पाहता येतात. दुपारचा चहा झाला, की मी एक भाग लावतो. पूर्वी सुटीत आम्ही दादरला मामांकडे जात असू. तिथे मुंबई दूरदर्शनवर, चिं. वि. जोशींच्या कथांवरची ‘चिमणराव’ मालिका आईने पाहिली होती. चिमणराव प्रभावळकरच होते. तेव्हा आता टिपऱ्यांच्या घरातले आबा दिसले, की ती हटकून म्हणते, “चिमणराव थकले हो!” मला ती कधी कधी अण्णा म्हणते, म्हणजे आपला भाऊ समजते. पण पंचवीस वर्षांचे अंतर नि पांढरे केस ओलांडून तिने चिमणराव अचूक ओळखला. अशा वेळी मला त्या नटाचा थोडा हेवा वाटतो, हे लपवीत नाही.

आमच्या नातवाला हे पटत नाही. “आजोबा, तोच भाग तुम्ही तीस वेळा पाहिलात! पणजीला तर आपण हसलो हेही आठवत नाही. मग उपयोग काय?” पोराचा प्रश्न खोटा नाही. मी एवढेच पाहिले आहे, की टिपऱ्यांचा भाग संपल्यावर तासाभरात ती आबांना विसरते, पण संध्याकाळी ताटावर बसते ती प्रसन्न. वरण-भात नीट जेवते, सौ.ना “तू जेवलीस का गं?” म्हणून विचारते. ज्या दिवशी मालिका लावायची राहते, त्या दिवशी ती दाराकडे पाहत बसते. हसण्याचे कारण निघून जाते. हसू थोडे रेंगाळते. आणि खरे सांगायचे तर तिसाव्या वेळी मी आबांकडे पाहत नाहीच. मी तिच्याकडे पाहतो. ती हसली की मला हसू येते. तो भाग मला रोज नवा असतो.

म्हणून, मोठा पडदा श्रेष्ठ की लहान, या वादात मी फाळक्यांच्या गावचा असूनही पडत नाही. मोठा पडदा धडधाकट माणसांचा; घरात तिघे-चौघे असतील नि त्यांतला एक हळूहळू दूर निघाला असेल, तर लहान पडद्यावरचे ते बिनडाग घर फार उपयोगी पडते. या दिवाळीत फराळाला पाहुणे येतील, नवा सिनेमा लावा म्हणतील. जरूर लावू. पण आधी टिपऱ्यांचा एक भाग होईल. आणि आईने “चिमणराव थकले हो!” म्हटले, की पाहुण्यांनीही ते प्रथमच ऐकल्यासारखे “हो ना!” म्हणावे, एवढी एकच विनंती मी चकली पुढे करता करता करणार आहे.