पंधरा वर्षांचे औत्सुक्य

रसचर्चा शिकवताना तेहेतीस संचारी भावांची यादी फळ्यावर लिहावी लागते. निर्वेद, ग्लानी, शंका अशी सुरू होणाऱ्या या यादीत औत्सुक्यही आहे. स्थायी भाव टिकतो, संचारी येतो आणि जातो, हे मुलांना सांगून झाले की मी त्याला माझे एक विधान जोडीत असे: निव्वळ औत्सुक्यावर उभे राहिलेले वाङ्मय दुय्यम, उत्तर कळले की पुस्तक संपले. वर्गात हे विधान खपत असे. पण ज्या माणसाने स्वतः एका कादंबरी-मालिकेच्या शेवटासाठी पंधरा वर्षे वाट पाहिली, त्याने ते करणे अप्रामाणिकपणाचे होते.

मालिका रॉबर्ट जॉर्डन या अमेरिकन लेखकाची, 'द व्हील ऑफ टाइम'. अद्भुतरम्य कादंबऱ्यांची. पहिला खंड १९९० चा. मला ती भेटली १९९८ मध्ये, एम.ए.च्या पहिल्या वर्षी, मुंबईत फाउंटनच्या पदपथावर. तिथे खंड क्रमाने मिळत नसत. आधी तिसरा हाती लागला, मग पहिला, आणि दुसऱ्यासाठी चार महिने थांबावे लागले. विभागात याची वाच्यता करण्याची सोय नव्हती. मर्ढेकरांवर टिपणे काढणाऱ्याच्या पिशवीत सातशे पानांची जाडजूड पेपरबॅक, तीही मुखपृष्ठावर घोडे आणि तलवारी असलेली, शोभली नसती.

गंमत अशी, की या मालिकेत काय होणार हे फारसे गुपित नाहीच. नायकाच्या वाट्याला अंतिम युद्ध आहे, त्याचे रक्त कुठे सांडणार आहे, हे भविष्यवाणीच्या रूपाने आरंभीच्या खंडांतच सांगून ठेवले आहे. मग इतकी पाने कोण कशासाठी वाचतो? कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यालाही आख्यानाचा शेवट ठाऊक असतोच की! तिथेही माणूस ताटकळतो तो 'काय' साठी नव्हे, 'कसे' साठी. माझ्या वर्गातल्या विधानाला पहिला तडा इथेच गेला होता. मी तो पाहिला नाही, इतकेच.

नाट्यशास्त्रातल्या पाच अवस्थांपैकी मधली 'प्राप्त्याशा' किती ताणता येते, याचा जॉर्डन यांनी अंतच पाहिला. २००३ मध्ये आलेल्या दहाव्या खंडाचा बराचसा भाग नवव्याच्या अखेरीस घडलेल्या एकाच घटनेची चाहूल वेगवेगळ्या पात्रांना कशी लागली, हे सांगण्यात जातो. कथा जागची हलत नाही. वाचक संतापले, मीही संतापलो, आणि अकरावा खंड निघताच विकत घेतला. तो २००५ चा. त्यांच्या हयातीतला शेवटचा.

२००६ मध्ये जॉर्डन यांनी स्वतःच्या आजाराची माहिती वाचकांना कळवली. अमायलॉइडोसिस, विकृत प्रथिने साचून हृदयाच्या भिंती जाड आणि ताठर होत जाणारा विकार. ते वाचले त्या क्षणी माझ्या मनात काय आले, हे आज इतक्या वर्षांनी तरी लिहायला हवे. मनात आले: मग शेवट? माणूस नंतर आला. दोन-तीन मिनिटांनी आला असेल, पण नंतर आला. पुढचे वर्षभर त्यांच्या प्रकृतीच्या बातम्या मी ज्या काळजीने वाचत होतो, त्या काळजीत त्यांचा वाटा किती आणि बाराव्या खंडाचा किती, याचा हिशेब मी टाळत आलो.

१६ सप्टेंबर २००७ रोजी ते गेले. वय ५८. अखेरच्या दिवसांत त्यांनी उरलेली कथा घरच्यांना सांगून ठेवली होती, टिपणे होती, आणि अगदी शेवटचा प्रसंग तर स्वतःच लिहून ठेवला होता. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादक. त्यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाची निवड केली. तो पौगंडावस्थेपासून याच मालिकेचा वाचक होता. (देवकीनंदन खत्री १९१३ मध्ये 'भूतनाथ' अपुरी ठेवून वारले, तेव्हा ती त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पुरी केली. बनारसच्या वाचकांनाही हे नवे नसावे.) जॉर्डन ज्याला एकच खंड म्हणत आले होते, त्याचे तीन झाले: २००९, २०१० आणि २०१३.

हात बदलला की कळते. मॅट या पात्राचा विनोद सँडरसन यांना, निदान सुरुवातीला, साधलेला नाही; वाक्ये तुटक झाली, कथा मात्र धावू लागली. चौदाव्या खंडाच्या शेवटच्या काही पानांवर आलो तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. ही पाने त्या माणसाने स्वतः लिहिली होती, आणि मी त्याच्या मृत्यूनंतर सहाव्या वर्षी ती वाचणार होतो. दोन दिवस उघडली नाहीत. मग वाचली. उत्तर कळले, पुस्तक काही संपले नाही; पहिला खंड त्यानंतर दोनदा वाचून झाला आहे.

मागे एका विद्यार्थ्याने तासानंतर थांबवून विचारले, "सर, 'हिंदू' चतुष्टयातली पहिली कादंबरी आहे ना? मग पुढचे भाग येतील ना?"

मी त्याला कलाकृतीच्या स्वयंपूर्णतेबद्दल काहीतरी सांगितले. ते चूकही नव्हते. २०१० मध्ये 'हिंदू' विकत आणली त्या संध्याकाळी पहिले पान उघडण्याआधी मी नेमाड्यांचे जन्मसाल आठवून वजाबाकी केली होती, हे मात्र सांगितले नाही.